अवर्षणाच्या मुलखातील पोहण्याचा हौद

घराच्या आवारात पोहण्याचा हौद बांधावा, आणि त्याच्या भोवती वृक्षवेलींची अशी योजना करावी की तो मुद्दाम खोदून ठेवलेला न वाटता बागेचाच एक स्वाभाविक अवयव वाटावा, ही हौस पुण्या-मुंबईच्या आसमंतात आता जुनी झाली आहे. आणि मळ्यातले बंगले, कृषिपर्यटनाची केंद्रे व लग्नसमारंभांची लॉन्स यांच्या वाटेने ती मराठवाड्याच्या पठारावरही येऊन ठेपली आहे. या विषयावरील चित्रमय पुस्तकांतून जो उपदेश मिळतो तो बहुधा पावसाळी किंवा समुद्रकाठच्या प्रदेशात जन्मलेला असतो: काठावर केळी आणि कर्दळी, रुंद पानांची शोभेची झाडे, पाण्यालगत मऊ हिरवळ आणि वर झुकलेला एखादा माड. धाराशिव जिल्ह्यात हा उपदेश जसाच्या तसा उचलणे म्हणजे एका तहानेच्या शेजारी दुसरी तहान वसविणे होय.

बालाघाटाच्या रांगा ज्यातून गेल्या आहेत असा हा आठ तालुक्यांचा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. वार्षिक पावसाची सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास सांगितली जाते खरी, परंतु १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, किंवा २०१२-१३ आणि २०१५-१६ या सालांत टँकरच्या वेळापत्रकावर ज्यांचे दिवस मोजले गेले, त्यांना सरासरीचे फारसे समाधान वाटत नाही. खुद्द धाराशिव शहर आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी भीमेवरच्या उजनी धरणाकडे पाहते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानाच्या हिरवळीवर शिंपडलेले पाणी हा त्या वेळी न्यायासनासमोरचा विषय झाला होता. अशा मुलखात ज्याला हौद बांधावयाचा आहे त्याला सौंदर्य आणि पाण्याचा हिशेब यांची दोन दप्तरे वेगवेगळी ठेवता येत नाहीत. माझे प्रतिपादन असे की येथे हौद बागेत मिसळतो तो पाण्याच्या वाटेने मिसळतो: ज्या पाण्यात घरची माणसे पोहतात तेच पाणी छपरावरून येत असेल आणि पुढे झाडांच्या मुळाशी जात असेल, तर हौद आणि बाग एक होतात, तसे नसेल तर काठावर कितीही दाट झाडी लावली तरी हौद उपराच राहतो.

हा विचार या भूमीला नवा नाही. तुळजापूर तालुक्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेला बंधारा हे त्याचे सर्वांत भव्य प्रमाण आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ च्या सुमारास, मुख्य किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांच्या दरम्यान नदी अडविली गेली, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली की ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखले जाणारे दोन प्रपात बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि महालाच्या गवाक्षात उभा असलेला मनुष्य अंगावर थेंबही न घेता समोरून पडणारा जलपडदा पाहत राहतो. या रचनेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की जी भिंत पाणी साठविते तीच भिंत विलासाचे स्थान आहे. किल्ल्याच्या शिबंदीची तहान भागविण्यासाठी एक काम आणि सुलतानाच्या मनोरंजनासाठी दुसरे, अशी खर्चाची दोन खाती येथे पडलेली नाहीत. घरगुती हौदाच्या आकाराशी या महाकाय बांधकामाची तुलना करणे धाडसाचे वाटेल, पण त्यामागचे तत्त्व आठ मीटर लांबीच्या हौदालाही तंतोतंत लागू पडते.

दुसरे प्रमाण बारवांचे. मराठवाड्यातल्या जुन्या गावांतून आढळणाऱ्या या पायऱ्यांच्या विहिरी, तसेच तुळजाभवानीच्या मंदिरात पायऱ्या उतरून गेल्यावर लागणारी कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थे, यांच्याकडे पोहण्याचा हौद बांधणाऱ्याने शिकण्यासाठी जावे. आजचा हौद एकाच पाणीपातळीसाठी बांधलेला असतो. काठाशी असलेल्या गाळणीच्या तोंडापर्यंत पाणी असले तरच तो शोभतो, आणि पातळी हातभर खाली गेली की भिंतीवरचे क्षारांचे पांढरे पट्टे, रिकाम्या नळ्या आणि उघड्या पडलेल्या फरश्या यांनी तो ओसाड दिसू लागतो. बारव मात्र भाद्रपदात जितकी देखणी तितकीच वैशाखातही देखणी असते, कारण पाणी उतरले की तिची आणखी एक पायरी दिसते एवढेच. ज्या प्रदेशात पाण्याने वर्षातून एकदा चढावे आणि नऊ महिने उतरत राहावे हा नियम आहे, तेथे उतरणे हेच ज्याच्या रूपाचा भाग आहे असे बांधकाम करणे शहाणपणाचे ठरते. निदान एका बाजूस रुंद, काळ्या दगडाच्या, घडीव पण गुळगुळीत न केलेल्या पायऱ्या तळापर्यंत न्याव्यात, आणि त्यांच्या कडेने दगडी कठड्यात मातीचे कप्पे ठेवून झाडे लावावीत; मग पाणी कोणत्याही पायरीवर असो, काठ हिरवाच राहतो.

सातारा जिल्ह्यातील लिंब गावची बारा मोटांची विहीर, जी अठराव्या शतकात शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत बांधली गेली, तीही येथे आठवते. तिच्या पोटात बसण्या-उठण्याचा दगडी महाल आहे, माथ्यावर मोटांच्या जागा आहेत, आणि त्या मोटांचे पाणी भोवतालच्या विस्तीर्ण आमराईस जात असे असे परंपरा सांगते. विहीर, महाल आणि आमराई यांचा हा त्रिवेणी संसार कोणत्याही उद्यानकाराने हेवा करावा असा आहे. याउलट अहमदनगरची फराहबाग, जी निजामशाहीत १५८३ मध्ये पुरी झाली, ती हौदाच्या मध्यभागी उभारलेल्या महालासाठी प्रसिद्ध. तिचे पाणी दुरून आणलेले होते, आणि पाणी आणणारी व्यवस्था मोडल्यावर कोरड्या खड्ड्यात उभा असलेला महाल तेवढा उरला.

परदेशातील उदाहरणांपैकी एकच येथे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियात, सोनोमा परगण्यात, १९४८ साली टॉमस चर्च या उद्यानकाराने डॉनेल कुटुंबासाठी जी बाग आखली, तिच्यातील वळणदार हौदाची नक्कल पुढे जगभर झाली. परंतु नक्कल करणाऱ्यांनी आकार घेतला आणि कारण मागे ठेवले. तो आकार खाली दिसणाऱ्या खाडीकाठच्या दलदलीतील नागमोडी प्रवाहांशी मेळ राखणारा होता, आणि टेकडीवर आधीपासून उभे असलेले ओक वृक्ष तोडण्याऐवजी लाकडी फळ्यांच्या सज्जाला भोके ठेवून त्यातून वर येऊ दिलेले होते. चर्चचे अनुकरण करावयाचे तर ते असे की समोर जी भूमी दिसते तिच्या रेषा उचलाव्यात. धाराशिवच्या पठारावर समोर काय दिसते? सपाट माथ्याच्या टेकड्या, त्यांच्या उतारावरचे आडवे पायऱ्यापायऱ्यांचे कातळाचे थर, बांधांच्या सरळ रेषा, आणि अलीकडे क्षितिजावर पवनचक्क्या. या भूमीला वाटोळ्या, लाडीक वळणांचा हौद परका आहे. लांबट, सरळ कडांचा, थराथराने खाली उतरणारा हौद तिच्या घडणीतलाच वाटतो.

भूमीचा विषय निघाला म्हणून मातीबद्दल चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण बागेची हौस आणि बांधकामाची सुरक्षितता यांचा जो झगडा येथे होतो तो पुष्कळांच्या लक्षात फार उशिरा येतो. जिल्ह्याच्या सखल भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत बसविलेला हौद दरवर्षी एकदा दाबला जातो आणि एकदा मोकळा पडतो. म्हणून खोदाई मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत न्यावी, भिंतींच्या बाहेरची काळी माती उचलून तेथे मुरूम भरावा, आणि त्या भरावातून पाणी निघून जाण्यास चर ठेवावा, असे जाणते गवंडी सांगतात. लोहारा-उमरग्याकडे हौद बांधणाऱ्याने तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची याद ठेवून भिंतींच्या लोखंडात काटकसर करू नये. पण यातला उद्यानकाराच्या कामाचा भाग पुढेच आहे. हौदाच्या भिंतीलगत केळी, कर्दळी वा हिरवळ लावली की तिला रोज पाणी द्यावे लागते. ते पाणी एका बाजूची माती कायम फुगलेली ठेवते, दुसरी बाजू सुकलेली राहते, आणि भिंतीवर विषम दाब येऊन तडा जातो. काठाशी मुरूम आणि त्या मुरुमात रुजणारी अल्पतृप्त झाडे, हीच योजना भिंतीच्या हिताची, आणि सुदैवाने तीच योजना या मुलखाच्या निसर्गाशी जुळणारीही. त्याचबरोबर हेही ध्यानात असावे की श्रावण-भाद्रपदात, भोवतालची माती पाण्याने तुडुंब असता, हौद कधीही पूर्ण उपसू नये. रिकामा हौद खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने उचलला जाऊन फुटल्याची उदाहरणे या धंद्यातल्या माणसांना ठाऊक आहेत.

आता झाडांकडे वळू. येडशीच्या रामलिंग घाटातले अभयारण्य शुष्क पानगळीच्या वनाचे आहे, आणि धाराशिवात हौदाभोवतीची बाग आखणाऱ्याने एखादा पावसाळा व एखादा उन्हाळा त्या वनाचे निरीक्षण करण्यात घालविला तर रोपवाटिकेत होणारा निम्मा निरर्थक खर्च वाचेल. ज्या महिन्यांत पोहण्याची खरी ओढ लागते त्या फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या काळात या मुलखातले वृक्ष पर्णहीन असले तरी पुष्पहीन नसतात: प्रथम पळस पेटतो, मागून बहाव्याचे सोनेरी झुंबर लोंबू लागतात. पाण्यावर बहाव्याचे प्रतिबिंब पडावे एवढ्यासाठी हौदाची लांबी कोणत्या दिशेस ठेवावी याचा विचार करावा इतके ते दृश्य मोलाचे आहे. त्याच्या पाकळ्या पाण्यात पडतात हे खरे. संध्याकाळी लांब दांड्याच्या जाळीने त्या काढणे हे मुलांनी आनंदाने करण्याजोगे काम आहे.

वृक्षांच्या निवडीत मूळ, पान आणि वारा या तिन्हींचा विचार हवा. वड, पिंपळ आणि उंबर यांच्या मुळांनी जुन्या बारवांचे चिरे कसे फोडले आहेत हे गावोगाव पाहावयास मिळते. त्यांची छाया कितीही प्रिय असली तरी त्यांना आवाराच्या दूरच्या टोकाला जागा द्यावी. कडुनिंबाची पानगळ ऐन वसंतात होते आणि त्याची बारीक पर्णिका गाळणीत जाऊन बसते; तथापि उन्हाळ्यातला वारा येथे बहुतांशी पश्चिमेकडून येत असल्याने निंब हौदाच्या पूर्वेस लावला तर पाने वाऱ्याबरोबर पलीकडे जातात आणि सकाळची सावली मात्र पाण्याला मिळते. देवचाफा हा माझ्या मते हौदाकाठचा आदर्श वृक्ष आहे: मुळे सौम्य, पाणी अल्प, हिवाळ्यात पाने गाळून पाण्यावर ऊन येऊ देतो, आणि गळणारी पाने एवढी मोठी की हाताने उचलावीत, त्याचा चीक अंगाला लागू नये एवढीच दक्षता. कण्हेर मात्र, कितीही काटक असली तरी, लहान मुले ज्या पाण्यात तोंड बुडवितात त्याच्याजवळ नसावी, कारण तिचे सर्वांग विषारी आहे. बोगनवेलीचे कागदी रंग दुरून मोहक. जवळ लावल्यास काटे पायाला आणि फुले गाळणीला, असा दुहेरी उपद्रव. सुबाभूळ आणि निलगिरी यांची शिफारस कोणीही केली तरी स्वीकारू नये.

काठाच्या सजावटीसाठी जे गवत आणि झुडूप लागते त्यात वाळ्याला मी अग्रस्थान देईन. त्याची मुळे आडवी न पसरता खोल सरळ जातात, त्यामुळे भिंतीला धोका नाही आणि मातीची धूप थांबते. दाट हिरवी गुंफण वर्षभर टिकते. आणि उन्हाळ्यात त्या मुळांना जो सुगंध येतो त्याची ओळख या भागात कोणाला करून द्यावी लागत नाही. हिरवळीऐवजी पवन्या आणि मारवेल ही माळरानाची गवते वाढू द्यावीत. कुसळी मात्र ओल्या अंगाला आणि पंच्याला चिकटते म्हणून वर्ज्य. मोगरा उन्हाळ्यातच बहरतो आणि थोडक्या पाण्यावर बहरतो, तेव्हा बसण्याच्या जागेजवळ त्याची ओळ असावी. पश्चिमेच्या कोरड्या वाऱ्याला अडविण्यासाठी निर्गुडी, अडुळसा आणि मेंदी यांचे कुंपण घालावे. हे कुंपण धूळ अडविते, पाण्याची वाफ कमी करते आणि आडोसाही देते. निर्गुडी आणि अडुळशाला शेळी सहसा तोंड लावत नाही, ही गोष्ट ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने उस्मानाबादी शेळीची जात ओळखली जाते तेथे गौण मानता येत नाही.

पाण्यात वनस्पती लावून त्यांच्याकरवीच पाणी स्वच्छ राखण्याची जी पद्धत ऑस्ट्रियात १९८० च्या दशकात रूढ झाली आणि जिला नैसर्गिक जलतरण तलाव म्हणतात, तिचे समर्थक आपल्याकडेही आहेत. तीत पोहण्याच्या जागेइतक्याच क्षेत्रफळाच्या उथळ भागात खडी पसरून पाणवनस्पती लावतात, आणि पंपाने पाणी त्या मुळांतून फिरवितात. रसायनांवाचून राखलेले ते पाणी निःसंशय सुखद असते. परंतु क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे बाष्पीभवनही दुप्पट, आणि वनस्पती जे पाणी उच्छ्वासतात ते निराळे. म्हणून ही पद्धत संपूर्ण रूपात या जिल्ह्यात आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा एक अंश मात्र अवश्य घ्यावा: गाळणी उलटी धुताना निघणारे आणि पोहण्याआधी अंग धुताना सांडणारे पाणी खडीच्या एका लहान वाफ्यात सोडावे, त्यात पाणकणीस, लव्हाळा, वेखंड आणि कर्दळ लावावी, आणि तेथून ते झाडांकडे न्यावे. कर्दळीची हौस येथे निर्धास्तपणे भागते. कोठे पाणी उघडे साचत असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

हौदाचे पाणी झाडांना चालते काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. साध्या क्लोरीनने शुद्ध केलेले पाणी, क्लोरीन टाकणे थांबवून दोन-तीन दिवस उन्हात राहू दिले, तर बहुतेक झाडांना बाधत नाही. परंतु अलीकडे पुष्कळ ठिकाणी मिठापासून क्लोरीन निर्माण करणारी यंत्रे बसवितात. त्या हौदाच्या एका लिटर पाण्यात सुमारे तीन ग्रॅम मीठ असते, आणि ते पाणी काळ्या मातीत सोडणे म्हणजे जमीन चोपण करण्यास हातभार लावणे. विक्रेता सोय सांगतो, पण एकदा ते यंत्र बसले की हौद आणि बाग यांचा संबंध कायमचा तुटला असे समजावे.

हिशेब मांडून पाहू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल हौदात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटरचे जे परिमाण शासनाने धरले आहे, त्यानुसार पाच माणसांच्या कुटुंबाला हे पाणी पाच महिन्यांहून अधिक पुरेल. उघड्या पाण्याची वर्षाकाठी सुमारे दोन मीटर वाफ होते असे धरले तर या हौदातून ६४,००० लिटर आकाशात जाते. ७०० मिलिमीटर पाऊस थेट त्यात पडला तर २२,००० लिटर परत येते, म्हणजे तूट ४२,००० लिटरांची. त्याच घराचे छप्पर २०० चौरस मीटरचे असेल आणि त्यावरील ऐंशी टक्के पाणी हाती लागले, तर १,१२,००० लिटर मिळतात. पाऊस निम्माच झाला तर छपराचे ५६,००० लिटर आणि हौदाची तूट सुमारे ५३,००० लिटर, म्हणजे वाईट सालातही मेळ जेमतेम बसतो, आणि पश्चिमेचे कुंपण व शेडनेटचे आच्छादन यांनी वाफ कमी केली तर थोडे शिल्लकही उरते. या गणितात बोअरच्या पाण्याचा एक थेंबही धरलेला नाही, आणि धरू नये. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ याने ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत ते ज्या कारणासाठी, ते कारण या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाच्या कोरड्या बोअरमध्ये दिसते. ज्याचे छप्पर लहान त्याने हौद लहान करावा, आणि टंचाईच्या सालात माघापासूनच पाणी पायरीपायरीने आंबा, सीताफळ आणि लिंबाच्या आळ्यांत उतरवावे. चैत्रात पोहता आले नाही तरी झाडे जगतील.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत निकडीची वाटते. या जिल्ह्यातल्या मागच्या पिढ्या पाठीला सुका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकल्या. विहिरी आटल्या, त्यांची जागा बोअरने घेतली, आणि बोअरमध्ये कोणी पोहत नाही. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने नवी तळी गावोगाव झाली. मुले आता तेथे उतरतात, आणि प्लास्टिकच्या निसरड्या अस्तरावरून पाय सुटला की वर येण्यास आधार मिळत नाही, म्हणून बुडतात. हौदाच्या बागेसाठी जी कारागिरी आपण शिकलो तिचा सर्वांत मोठा उपयोग या शेततळ्यांना आहे: एका बाजूस दगडी पायऱ्या, चारही बाजूंना तळापर्यंत सोडलेल्या गाठींच्या दोऱ्या, पाण्यावर तरंगणारी हवा भरलेली ट्यूब, बांधावर वाळ्याची दाट ओळ, आणि बाहेरून निर्गुडीचे कुंपण, ज्याला एकच फाटक असेल आणि त्या फाटकाची किल्ली घरातल्या मोठ्या माणसाकडे असेल.